टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज

अमेरिकन गायक बॉबी ‘ब्लू’ ब्लँड (27 जानेवारी 1930 – 23 जून 2013) याचा ब्लूज (शब्दशः खिन्नता; कृष्णवर्णीय अमेरिकनांचे दुःखगीत) आणि सोल (चर्चसंगीत व ब्लूज यांच्या मिलाफातून घडलेले लोकप्रिय गायन) या दोन शैलींच्या सीमेवरचा अल्बम. ह्यूस्टन (टेक्सस) येथील ड्यूक रेकॉर्ड्स या कंपनीने तो 1961 मध्ये डीएलपी 74 या क्रमांकाने प्रकाशित केला. त्यात बारा गाणी आहेत. ड्यूकने 1958 मध्ये ‘ब्लूज कन्सॉलिडेटेड’ या तबकडीची एक बाजू ब्लँडला आणि दुसरी ज्युनियर पार्करला दिली होती. संपूर्ण ब्लँडची अशी पहिली मोठी तबकडी मात्र हीच.

काही सूचींत प्रकाशनाची तारीख 1 जानेवारी 1961 अशी आढळते. केवळ वर्ष ठाऊक असले की सूचिकार वर्षाचा पहिला दिवस लिहून मोकळे होतात. ही तारीख तशीच भरलेली असावी. अल्बममधील ‘आय पिटी द फूल’ हे गाणे 1960 च्या अखेरीस शिकागोत ध्वनिमुद्रित झाले असे सामान्यतः मानले जाते, आणि सिंगल म्हणून ते 1961 मध्ये गाजले. ‘डोन्ट क्राय नो मोर’चे यशही त्याच वर्षातले. त्यामुळे ‘1961’ एवढाच निर्देश करणे सयुक्तिक ठरते.

या तबकडीला अल्बम म्हणावे की संकलन, हाही प्रश्न उपस्थित केला जातो. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारपेठेत त्या काळी राज्य होते ते सिंगलचे, म्हणजे लहान तबकडीचे. ज्यूकबॉक्स (नाणे टाकून गाणे ऐकण्याचे यंत्र) आणि रेडिओ दोन्ही तिच्यावरच चालत. मोठी तबकडी निघे ती बहुधा गाजलेली गाणी एकत्र करून. येथेही ‘लिटल बॉय ब्लू’ (1958), ब्रूक बेंटनने लिहिलेले ‘आय विल टेक केअर ऑफ यू’ (1959), ‘लीड मी ऑन’ आणि ‘क्राय क्राय क्राय’ (दोन्ही 1960) ही आधी सिंगल म्हणून आलेली गाणी आहेत. तांत्रिकदृष्ट्या संकलनवाद्यांची बाजू खोडून काढता येत नाही. पण संयोजक एक, वाद्यवृंदाचा गाभा बराचसा एकच आणि गाण्यांची भाववृत्ती इतकी एकजिनसी की सलग ऐकताना जोड जाणवत नाही. समीक्षकांनी याला अल्बम म्हणूनच वाचले आहे आणि तेच योग्य वाटते.

ब्लँडचा जन्म टेनेसी राज्यात मेम्फिसच्या उत्तरेकडील ग्रामीण भागात झाला. शाळा लहानपणीच सुटली. लिहिण्यावाचण्याशी त्याचा संबंध नंतरही जेमतेम राहिला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तो आईबरोबर मेम्फिसला आला आणि बीअल स्ट्रीटवरच्या तरुण गायक-वादकांत मिसळला. बी. बी. किंग, जॉनी एस व रॉस्को गॉर्डन यांच्यासह या मंडळींना पुढे ‘बीअल स्ट्रीटर्स’ म्हटले गेले. ड्यूक कंपनी मूळची मेम्फिसचीच, 1952 मध्ये स्थापन झालेली. ती लवकरच ह्यूस्टनचा उद्योजक डॉन रोबी (1903–75) याच्या ताब्यात गेली. ब्लँड त्या सुमारास लष्करी सेवेत होता. परतल्यावर त्याच्यापुढे ठेवलेल्या करारात प्रत्येक तबकडीमागे अर्धा सेंट मानधन होते, तर प्रचलित दर दोन सेंटांचा होता, असे सांगितले जाते. करार वाचता न येणाऱ्या माणसाची सही त्यावर झाली, ही गोष्ट या अल्बमचा अर्थव्यवहार समजून घेताना विसरता येत नाही.

आवाज : ब्लँड एकही वाद्य वाजवत नसे. ब्लूजच्या परंपरेत हे विरळ. गिटार हातात नसलेला ब्लूज-नायक असे त्याचे वर्णन करता येईल. सुरुवातीच्या काळात तो उंच, कृत्रिम पट्टीचा (फॉल्सेटो) वापर करी. टॉन्सिल काढून टाकल्यानंतर ती पट्टी गेली, आणि तिच्या जागी त्याने घशाच्या मागून येणारा, खरखरीत, आवळून सोडलेला हुंकार आणला. याचे मूळ डेट्रॉइटचे धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन (गायिका अरीथा फ्रँकलिन हिचे वडील) यांच्या ध्वनिमुद्रित प्रवचनात आहे, असे ब्लँडने स्वतः सांगितले आहे. उपदेशक प्रवचनाच्या टिपेला पोचल्यावर शब्द सोडून नुसत्या आवाजाने बोलू लागतो, तो क्षण ब्लँडने प्रेमगीतात आणला. दुसरीकडे शब्दांच्या मऊ, स्पष्ट उच्चारणावर नॅट किंग कोलचा प्रभाव आहे. हा हुंकार पहिल्यांदा ठळकपणे ‘लिटल बॉय ब्लू’मध्ये ऐकू येतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘आय डोन्ट वॉन्ट नो वुमन’ हे त्याच्या आधीचे गाणेही याच तबकडीवर आहे. ही दोन्ही पाठोपाठ ऐकली तर आवाजाचे स्थित्यंतर कोणत्याही वर्णनाशिवाय कळते. ब्लँडची खरी ताकद मात्र हुंकारात नसून तो किती वेळ रोखून धरतो यात आहे. ‘आय विल टेक केअर ऑफ यू’मध्ये तो जवळजवळ कुजबुजतो, आणि ते गाणे या अल्बममधील सर्वांत दाहक आहे.

संयोजन : अल्बमचा दुसरा कर्ता म्हणजे ट्रम्पेटवादक व वाद्यवृंदप्रमुख जो स्कॉट. वाचता न येणाऱ्या ब्लँडला तो गाणे ओळीओळीने ऐकवून पाठ करून घेई. श्वास कोठे घ्यायचा, कोणता शब्द ताणायचा हेही तोच ठरवी. आपल्याला जे येते ते स्कॉटमुळे, अशा आशयाची कबुली ब्लँड आयुष्यभर देत राहिला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचे आघात स्कॉट गायकाच्या ओळीच्या शेवटी, चर्चमधील समूहाने ‘आमेन’ म्हणावे तसे बसवतो. ‘आय पिटी द फूल’मध्ये हे उत्तर-प्रत्युत्तर इतके चढत जाते की शेवटच्या भागात गायक आणि ब्रास (फुंकवाद्यांचा ताफा) यांपैकी कोण कोणाला ओढत आहे ते सांगता येत नाही. वेन बेनेटची गिटार ब्लूज-गिटारवादक टी-बोन वॉकरच्या वळणाची असून जॅझकडे झुकलेली आहे. ड्रमवर जॉन ‘जॅबो’ स्टार्क्स आहे. तोच पुढे जेम्स ब्राऊनच्या वाद्यवृंदात फंक संगीताच्या पायाभरणीत सामील झाला. बास हॅम्प सिमन्सचा.

बारा बारची (बारा तालखंडांच्या आवर्तनाची) रूढ ब्लूज-चौकट येथे फार थोड्या गाण्यांत सापडते. बऱ्याच रचना गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगीत) व लोकप्रिय प्रेमगीताच्या बांधणीच्या आहेत. शीर्षकातला ‘ब्लूजपासून दोन पावले’ हा निर्देश दुःखाविषयी आहे, पण शैलीचे अंतर सांगायलाही तो नेमका लागू पडतो. ‘लीड मी ऑन’ हे तर सरळ प्रार्थनेच्या चालीचे आहे. परक्या, निष्ठुर मुलखातल्या माणसाने हात मागावा असा त्याचा भाव; 1960 च्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या श्रोत्याला त्यात केवळ प्रेयसीची हाक ऐकू आली असेल असे वाटत नाही.

श्रेयांचा वाद : अल्बममधील बहुतेक गाण्यांवर गीतकार म्हणून डीअॅड्रिक मलोन हे नाव, एकटे किंवा जोडीने, आढळते. मलोन म्हणजे खुद्द डॉन रोबी, याविषयी आता मतभेद नाही. वाद आहे तो रोबीने खरोखर काही लिहिले का, यावर. एक मत असे की कंपनीचा मालक या नात्याने तो गाणी निवडी, शब्द बदलायला लावी आणि त्यामुळे सहलेखकत्वाचा त्याचा दावा अगदीच पोकळ नाही. दुसरे मत, ज्याला ह्यूस्टनच्या वादक-गीतकारांच्या मुलाखतींचा भक्कम आधार आहे, असे की रोबी रोख पैसे देऊन गाणी कायमची विकत घेई आणि मूळ लेखकाचे नाव पुसून मलोनचे टाकी. अशा विक्रेत्यांत जो मेडविक याचे नाव वारंवार येते. ‘आय पिटी द फूल’ त्याचेच असावे असा तर्क अनेकांनी केला आहे. एकाच व्यक्तीच्या नावावरील गाण्यांत शब्दकळा आणि बांधणी इतकी निरनिराळी दिसते की दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.

ही रीत एकट्या रोबीची नव्हती, हेही नोंदवायला हवे. याच अल्बममधील ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’ हे पारंपरिक गीत 1920 च्या दशकाच्या अखेरीस जो प्रिमरोझ या नावावर नोंदले गेले, आणि प्रिमरोझ हे प्रकाशक अर्व्हिंग मिल्सचे टोपणनाव होते. तरी रोबीच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मोटाउन या डेट्रॉइटच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय मालकीच्या कंपनीच्या कितीतरी आधी, वंशभेदाच्या काळात टेक्ससमध्ये त्याने कृष्णवर्णीय मालकीची ध्वनिमुद्रण कंपनी उभी केली. ती नसती तर यांतील बरीच गाणी मुद्रित झालीच नसती. पण त्या गाण्यांचे उत्पन्न लिहिणाऱ्यांच्या घरी गेले नाही, आणि पहिली गोष्ट खरी असल्याने दुसरी सौम्य होत नाही.

शीर्षकगीताचे मूळ त्या मानाने स्पष्ट आहे. ते ‘टेक्सस’ जॉनी ब्राऊन या ह्यूस्टनच्या गिटारवादकाने लिहिले आणि श्रेयात त्याचे नाव मलोनच्या जोडीने का होईना टिकले. ब्राऊनचा स्वतःचा अल्बम मात्र 1990 च्या दशकाच्या अखेरीस निघाला.

स्वीकार व प्रभाव : ‘आय पिटी द फूल’ 1961 मध्ये रिदम अँड ब्लूजच्या (मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीच्या) यादीत प्रथम क्रमांकावर गेले; ‘आय विल टेक केअर ऑफ यू’ आणि ‘डोन्ट क्राय नो मोर’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. सर्वसाधारण पॉप यादीत मात्र ब्लँडला पहिल्या दहांत कधीच स्थान मिळाले नाही. गोऱ्या श्रोत्यांनी 1960 च्या दशकात ब्लूज डोक्यावर घेतला तो गिटारवादकांचा. सूट घालून, ब्रासच्या पुढ्यात उभे राहून गाणारा ब्लँड त्या चित्रात बसला नाही. अभ्यासकांत चार्ल्स काइल याने 1966 मध्येच नागर ब्लूजच्या विवेचनात त्याला मध्यवर्ती स्थान दिले, हे उल्लेखनीय आहे. रोलिंग स्टोन नियतकालिकाने 2003 मध्ये केलेल्या 500 श्रेष्ठ अल्बमांच्या निवडीत या तबकडीचा समावेश होता. ब्लँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये 1992 मध्ये समावेश झाला आणि 1997 मध्ये त्याला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला.

ब्रिटनमध्ये डेव्हिड बोवीने (तेव्हा तो डेव्ही जोन्स या नावाने गात असे) मॅनिश बॉइज या गटासह 1965 मध्ये ‘आय पिटी द फूल’ मुद्रित केले. त्यात गिटार जिमी पेजची होती. ‘आय विल टेक केअर ऑफ यू’ गिल स्कॉट-हेरनने 2010 मध्ये गायले, जेमी एक्सएक्सने त्याची पुनर्रचना केली आणि तिच्या आधारे ड्रेक व रिहाना यांचे 2011 मधील ‘टेक केअर’ तयार झाले.

रोबीने 1973 मध्ये आपल्या कंपन्या एबीसी या समूहाला विकल्या. 1979 मध्ये एबीसीचा ध्वनिमुद्रण विभाग एमसीए या कंपनीकडे गेला आणि सीडीच्या काळात हा अल्बम एमसीएनेच पुन्हा बाजारात आणला.