पायथनच्या सी-इंटरफेसमधील स्ट्रिंग

सीपायथनमध्ये (सी भाषेत लिहिलेली पायथनची मुख्य आवृत्ती) सी भाषेतून स्ट्रिंग म्हणजे मजकुराचे ऑब्जेक्ट घडवण्याची व सांभाळण्याची व्यवस्था. तिच्या फंक्शनांना पाययुनिकोड हा उपसर्ग लागतो, पण पायथनमध्ये त्या प्रकाराचे नाव एसटीआर आहे. ही तफावत इतिहासातून आली. पायथन २.० मध्ये (२०००) युनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक) वापरणारा प्रकार बाइटांच्या जुन्या पायस्ट्रिंगच्या जोडीला आला, ३.० मध्ये (२००८) एसटीआर हे नाव त्याला मिळाले आणि पायस्ट्रिंगचा पायबाइट्स झाला. उपसर्ग मात्र बदलला नाही.

३.३ पूर्वी (२०१२) दर चिन्हाला २ बाइट की ४, हे पायथन कंपाइल करतानाच ठरे. मार्टिन फॉन लोव्हिस यांच्या पेप ३९३ (पायथनमधील सुधारणेचा प्रस्ताव) नंतर ते प्रत्येक स्ट्रिंगमधील सर्वांत मोठ्या संकेतांकावरून, म्हणजे चिन्हाच्या युनिकोड क्रमांकावरून, ठरू लागले : २५५ पर्यंत १ बाइट, ६५,५३५ पर्यंत २, त्यापुढे ४. देवनागरीचे संकेतांक २,३०४ ते २,४३१ असल्याने ‘मराठी’ची ५ चिन्हे १० बाइटांत बसतात, यूटीएफ-८ मध्ये (चिन्हानुसार १ ते ४ बाइट घेणारी सांकेतिक पद्धत) त्यांना १५ लागतात. पण मजकुरात ६५,५३५ च्या पुढचा एक इमोजी आला की सगळी स्ट्रिंग दर चिन्हाला ४ बाइटांवर जाते. पायपाय ही पायथनची दुसरी आवृत्ती ७.१ पासून (२०१९) आत यूटीएफ-८ च ठेवते. अमुक क्रमांकाच्या चिन्हाला थेट हात घालायचा असेल, तर सीपायथनची मांडणी अधिक सोयीची.

तयार यूटीएफ-८ मजकुरासाठी पाययुनिकोड_फ्रॉमस्ट्रिंगअँडसाइझ वापरावे. लांबी बाइटांत द्यावी, चिन्हांत नव्हे. ‘मराठी’साठी ५ दिल्यास ‘र’ अर्ध्यावर तुटून डिकोडिंगची चूक येते. चिन्हे एकेक भरायची असल्यास पाययुनिकोड_न्यूला लांबी आणि कमाल संकेतांक द्यावा. तो अंदाजाने वाढवून देऊ नये : नुसत्या रोमन अक्षरांची स्ट्रिंग २ बाइटांची झाली, तर तशाच दुसऱ्या स्ट्रिंगशी ती समान ठरत नाही. कमी दिल्यास पाययुनिकोड_राइटकॅर चूक कळवते; पाययुनिकोड_राइट हा मॅक्रो (कंपाइल करताना कोडमध्ये उलगडणारा संक्षेप) तपासणीच करत नाही. भरणे संपेपर्यंत ही स्ट्रिंग इतर कोणाच्या हाती देऊ नये, कारण त्यानंतर ती अपरिवर्तनीय मानली जाते.

स्ट्रिंग घडवणारी ही फंक्शने नवा संदर्भ, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरचा मोजला जाणारा हक्क, देतात. काम संपल्यावर पाय_डेकरेफने तो सोडणे आपल्याकडे. पाययुनिकोड_अ‍ॅजयूटीएफ८ मात्र यूटीएफ-८ मजकुराकडे नेणारा, स्ट्रिंगच्याच मालकीचा पॉइंटर (स्मृतीतला पत्ता) देते. तो फ्री करायचा नाही, आणि स्ट्रिंग नष्ट झाल्यावर वापरायचाही नाही. दोन स्ट्रिंग जोडणारे पाययुनिकोड_अपेंड फसले तर डावीकडच्या स्ट्रिंगचा पॉइंटर नल (रिकामा) होतो. म्हणून प्रत्येक जोडणीनंतर तो तपासावा.