मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत सांगता येते का?

‘शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत अचूक सांगतात’, हा समज वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत आला आहे आणि पडद्यावरील गुन्हेकथांमुळे तो खरा वाटणे स्वाभाविकही आहे. प्रत्यक्षात डॉक्टर नेमकी वेळ नव्हे, तर काही तासांचा टप्पा सांगतात.

मृत्यूनंतर सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानाचे शरीर भोवतालच्या हवेइतके होईपर्यंत थंड होत जाते; मात्र त्याचा वेग कपडे, अंगकाठी, वारा आणि ओलावा यांनुसार बदलतो. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना उघड्यावरील मृतदेह थंडच होत नाही, मग तापमानावरून वेळ काढणार कशी? मृत्यूनंतर स्नायूंना येणाऱ्या ताठरतेचेही तसेच आहे. पापण्या, जबडा, मान आणि मग हातपाय अशा क्रमाने ती जाणवते व साधारण त्याच क्रमाने ओसरते. पण उन्हाळ्यात लवकर येऊन लवकर जाते, थंडीत रेंगाळते. शरीराच्या खालच्या बाजूस रक्त साकळून पडलेले डाग सुरुवातीला बोटाने दाबल्यास फिकट होतात, काही तासांनी होत नाहीत. कोणतीही एक खूण पुरेशी नसल्याने त्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, आणि व्यक्ती शेवटची कधी दिसली, ही साधी माहितीही अंदाज नेमका करण्यास फार उपयोगी पडते.

पडताळायचे असल्यास न्यायालयीन निकालपत्रांतील शवविच्छेदनाचे उल्लेख वाचावेत: तेथे ‘12 ते 24 तासांपूर्वी’ अशा स्वरूपाची नोंद आढळते. मृत्यूनंतर जितका काळ लोटतो, तितका हा टप्पा रुंदावत जातो.