ज्येष्ठांची देखभाल : दर्जा आणि शासन (इंदूर)

वृद्ध व परावलंबी माणसांना घरी किंवा वृद्धाश्रमात मिळणारी देखभाल ठरावीक पातळीखाली घसरू नये, यासाठी सरकारने केलेले कायदे आणि योजना. इंदुरात हा प्रश्न जुन्या मराठी वस्त्यांत विशेष जाणवतो. होळकरशाहीत इथे येऊन रुजलेल्या घराण्यांतली मुलं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली. रामबागेसारख्या भागात मागे उरले ते आजी-आजोबा.

सगळ्याचा पाया आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा केंद्रीय कायदा. साठी उलटलेल्या आणि स्वतःच्या मिळकतीवर भागत नसलेल्या माणसाला एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) न्यायाधिकरणात मुलांविरुद्ध अर्ज करता येतो. इंदुरातली मराठी माणसंही या अर्जाला हिंदीच्या वळणाने 'भरण-पोषणाचा अर्ज'च म्हणतात. निकाल ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत लागावा, असा नियम आहे. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा मात्र महिना १०,००० रुपये. रात्रंदिवस माणूस ठेवावा लागणाऱ्या घरात एवढ्यात काय होणार?

याच कायद्याचं कलम २३ अधिक धारदार आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. मध्य प्रदेशातल्याच छतरपूरच्या एका आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आईच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकतं, हे स्पष्ट केलं. ती अट कागदावर लिहून घ्यायला आई-वडिलांना संकोच वाटतो, आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

पैसा आणि घर यांच्यापुढे जाऊन प्रत्यक्ष देखभालीच्या दर्जाविषयी बोलतं ते कलम १९. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय असणारा वृद्धाश्रम राज्य सरकार काढू शकेल. तिथल्या सेवांची मानकंही ठरवू शकेल. 'ठरवू शकेल', 'ठरवील' नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोनेक तासांनी कूस बदलली नाही, तर माकडहाडावर आधी लाल डाग उठतो, मग कातडी सुटते आणि जखम खोल जाते. दर्जा म्हणतात तो हा. खाटा मोजून तो कळत नाही. रात्री दोन वाजता कूस बदलायला कोण उठतं, त्यावरून कळतो. वृद्धाश्रमांची व घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी, किमान मानकं आणि १०,००० ची मर्यादा हटवणं, या तरतुदी २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होत्या. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. ही मोठीच हानी झाली.

बाकीच्या योजना थोडक्यात : २०१७ ची वयोश्री योजना (काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची), २०२१ पासूनची अटल वयो अभ्युदय योजना (वृद्धाश्रमांना अनुदान वगैरे), १४५६७ ही हेल्पलाइन आणि २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड.

२९ जानेवारी २०२१ ची घटना इंदूर विसरू शकत नाही. कडाक्याच्या थंडीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी बेघर वृद्धांना गाडीत घालून शहराबाहेर देवास रस्त्यावर क्षिप्रा गावापाशी उतरवलं. गावकऱ्यांनी अडवल्यावर त्यांना पुन्हा गाडीत बसवून परत न्यावं लागलं. एका उपायुक्ताला निलंबित केलं गेलं. त्या माणसांना धरून उतरवलं कसं, हे व्हिडिओत सगळ्यांनी पाहिलं.

इंदुरात आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख कुठल्या नियमात सापडत नाही. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विसरते. आयुष्यभर बाजारात सफाईदार हिंदी बोललेली आजी 'हळू गं, दुखतंय' एवढंच म्हणू लागते, आणि हिंदीभाषक आयाबाईला नेमकं कुठे दुखतंय ते कळत नाही.