आस्नी (मोरोक्को)

आस्नी हे मोरोक्कोच्या अल हौझ प्रांतातील, हाय अ‍ॅटलास पर्वताच्या उत्तर पायथ्याशी वसलेले ग्रामीण कम्यून. कम्यून म्हणजे अनेक वाड्या-वस्त्यांचा मिळून एक कारभार, साधारण आपल्या गटग्रामपंचायतीसारखा. मराकेश शहर येथून उत्तरेला सुमारे ४७ किमी. आहे. तिझी न टेस्ट खिंडीतून तारूदांत शहराकडे जाणारा घाटरस्ता आस्नीवरूनच जातो. आस्नी गावाची उंची सुमारे १,१५० मी. असली, तरी याच कम्यूनमधील इम्लील सुमारे १,७४० मी. उंचीवर आहे. उत्तर आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर तुब्काल (४,१६७ मी.) चढायची सुरुवात बहुतेक जण तेथूनच करतात.

येथील लोक मुख्यतः अमाझिग (उत्तर आफ्रिकेतील मूळ रहिवासी, बर्बर) असून घरात तशेल्हित ही अमाझिग भाषा बोलतात. अमाझिग भाषेला २०११ च्या राज्यघटनेने अरबीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला.

येथले सगळे जगणे डोंगरावरून येणाऱ्या पाण्यावर आहे. खाली मराकेशचे मैदान रखरखीत; वर हिवाळ्यात साठलेले बर्फ मात्र वसंतात वितळून ओढ्यांना येते. ते पाणी मातीच्या पाटांनी, म्हणजे ‘तार्गां’नी, डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वावरांत खेळवतात. पाण्याची पाळी ठरलेली असते. पाळी आली की शेतकरी फावड्याने पाटाचे मातीचे तोंड फोडतो, वेळ संपली की बुजवतो. तंटा झालाच, तर गावसभा (जमाअ) निवाडा करते. या शिस्तीमुळेच इतक्या उतारावर बार्ली, सफरचंद, चेरी आणि मुख्य म्हणजे अक्रोड पिकतात. शरद ऋतूत लांब काठ्यांनी अक्रोड झोडपतात. हिरवी साल सोलणाऱ्यांचे हात काळे पडतात आणि तो रंग कितीतरी दिवस जात नाही. शनिवारी आस्नीचा आठवडी बाजार भरतो. वरच्या वस्त्यांतील लोक माल खेचरांवर किंवा गाड्यांतून घेऊन खाली येतात. पर्यटन वाढल्यापासून हीच खेचरे गिर्यारोहकांचे सामानही वाहतात.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हा प्रांत हादरला. देशभरात २,९०० हून अधिक माणसे दगावली, त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या अल हौझमधील. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड धाबे, अशी येथली जुनी घरे. ती उन्हाळ्यात गार व थंडीत उबदार राहतात, पण त्या रात्री कोसळली तेव्हा माती दाट बसली आणि ढिगाऱ्याखाली श्वासापुरती पोकळीही उरली नाही. घरे गेलेल्या अनेक कुटुंबांनी पुढचा हिवाळा तंबूंत काढला.