सांभरचे मीठ आले कुठून?

नोव्हेंबरात सांभर सरोवर पाहून आलेला प्रवासी आणि एप्रिलमध्ये ते पाहून आलेला प्रवासी गप्पांना बसले, तर दोघे निरनिराळ्या गावांबद्दल बोलत आहेत असे ऐकणाऱ्याला वाटेल. पहिल्याने क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी आणि त्यात उभे असलेले रोहित पक्षी पाहिलेले असतात. दुसऱ्याने पांढरीफटक, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर थरथरणारे मृगजळ. जयपूरच्या नैऋत्येस सुमारे ८० किलोमीटरवर, थरच्या वाळवंटाच्या पूर्वेकडील उंबरठ्यावर पसरलेले हे भारतातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी कुठे ३ तर कुठे ११ किलोमीटर, आणि खोली मात्र भर पावसाळ्यानंतरही फार तर ३ मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तीच काही सेंटिमीटरवर येते. एवढ्या विस्ताराला ही खोली पाहता त्याला सरोवर म्हणण्यापेक्षा परात म्हणणे अधिक शोभेल.

या परातीत मेंढा आणि रूपनगढ या दोन मुख्य नद्या आणि काही लहान ओढे पावसाळ्यात पाणी आणून ओततात. बाहेर पडणारी नदी मात्र एकही नाही. आलेल्या पाण्याला निघून जायची जवळजवळ एकच वाट उरते, ती म्हणजे वाफ होण्याची. आणि वाफ होताना पाणी आपल्यासोबत क्षार नेत नाही. नदीचे पाणी चवीला गोड लागले, तरी खडकांच्या झिजेतून आलेले क्षार त्यात अल्प प्रमाणात असतातच. असे पाणी हजारो वर्षे येत आणि आटत राहिले की मागे काय साचेल, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञाची गरज नाही.

तरीही या मिठाच्या उगमावर शंभरहून अधिक वर्षे वाद झाला. हा प्राचीन समुद्राचा आटलेला अवशेष असावा, असे एक मत होते. १९०९ मध्ये हॉलंड आणि क्रिस्टी या भूशास्त्रज्ञांनी दुसरीच कल्पना मांडली: उन्हाळ्यातील नैऋत्येचे जोरदार वारे कच्छच्या रणातील खारी धूळ उचलून राजपुतान्यात, म्हणजे आजच्या राजस्थानात, आणून टाकतात. कल्पना मोठी देखणी आहे आणि वाऱ्याचा थोडाफार वाटा आजही कोणी पूर्णपणे नाकारत नाही. परंतु पुढे झालेल्या रासायनिक अभ्यासांचा कौल मुख्यतः नद्यांनी आणलेल्या क्षारांच्या आणि बाष्पीभवनाच्या बाजूने गेला.

यातील एक पुरावा कोकणातील मिठागरे पाहिलेल्या माणसाला चटकन पटेल. समुद्राचे पाणी आटवून मीठ काढले की शेवटी जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम भरपूर असते. घरातले खडे मीठ पावसाळ्यात पाझरू लागते, त्यातही या मॅग्नेशियमच्या क्षारांचा मोठा हात असतो. सांभरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी साध्या मिठाच्या जोडीला सोडियमचे सल्फेट आणि कार्बोनेट आढळतात आणि पाणी अल्कधर्मी असते. समुद्राच्या घरातून आलेल्या मिठाची ही लक्षणे नव्हेत. आपल्या वैद्यकीने सैंधव, सामुद्र आणि शाकंभरीय (म्हणजे सांभरचे) अशी लवणांना वेगवेगळी नावे दिली, ती केवळ गावावरून नसावीत.

सांभरला गेल्यावर प्रथम काय पाहावे, असे कोणी विचारले तर मी बांधाकडे बोट दाखवीन. सुमारे ५.१ किलोमीटर लांबीचा हा दगडी बांध सरोवराचे दोन भाग करतो. पश्चिमेकडच्या मोठ्या भागात पावसाचे पाणी साचते आणि उन्हाने घट्ट होऊ लागते. पुरेसे खारट झाले की ते पूर्वेकडे घेतले जाते आणि तेथील 'क्यार' नावाच्या वाफ्यांतून त्याचे मीठ होते. १८७० मध्ये ब्रिटिशांनी जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून हे सरोवर भाडेपट्ट्याने घेतले. मीठ वाहण्यासाठी आगरातून टाकलेले छोट्या गाडीचे रूळ आजही तेथे दिसतात. १९६४ पासून हे उत्पादन सांभर सॉल्ट्स या सरकारी कंपनीकडे आहे.

एखाद्या शांत क्याराशी वाकून पाहावे. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे चौकोनी स्फटिक तरंगताना दिसतात. त्यांच्या कडा मधल्या भागापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून त्यांना उलट्या पिरॅमिडसारखा पोकळ आकार येतो. वजन पेलेनासे झाले की ते अलगद तळाशी बसतात. आटलेल्या पात्रात उतरायचे असेल तर जपून. पायाखाली पांढरा पापुद्रा करकरतो, पण एखाद्या ठिकाणी तो फुटला की आत काळाकुट्ट चिखल असतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास नाकात शिरतो. प्राणवायू नसलेल्या त्या थरात सल्फेटवर गुजराण करणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. चिखलाचा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. पांढऱ्या मैदानाच्या छायाचित्रांत हा वास येत नाही, हे छायाचित्रकारांचे भाग्य.

काही क्यार मात्र पांढरे नसून तांबडे दिसतात. समुद्राच्या कैकपट खारट पाण्यात तग धरणारे ड्युनालिएला हे शैवाल आणि लवणप्रेमी आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे एकपेशीय सूक्ष्मजीव) आपल्या पेशींत कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये साठवतात, ती प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण करतात. जून २०२० मध्ये बुलढाण्याचे लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधून काढलेले कारणही हेच लवणप्रेमी सूक्ष्मजीव होते. लोणार उल्कापाताने बेसाल्टमध्ये घडलेले आणि सांभर अरवलीच्या कुशीत. परंतु बाहेर वाट नसलेले पाणी दोन्हीकडे सारख्याच पाहुण्यांना बोलावते. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही अन्नातून मिळालेल्या कॅरोटिनॉइडांचाच. लहान रोहित चोच उलटी धरून नील-हरित सूक्ष्मजीव गाळून खातो, तर मोठा रोहित चिखलातील कवचधारी जीव आणि अळ्या टिपतो.

या पक्ष्यांमुळेच १९९० मध्ये सांभरला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मात्र येथे १८,००० हून अधिक पक्षी मरून पडले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बॉटुलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) हे कारण निश्चित केले. या रोगाचे चक्र भयंकर असते: मेलेल्या पक्ष्यात जिवाणूंचे विष तयार होते, ते तेथील अळ्यांत उतरते, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही मरतो. म्हणून मृत पक्षी तातडीने उचलणे हाच साथ आवरण्याचा मुख्य उपाय ठरतो.

सरोवराच्या काठावर शाकंभरी देवीचे मंदिर आहे. देवीने प्रसन्न होऊन अरण्याचे रुपे, म्हणजे चांदी, केले. या संपत्तीवरून कलह माजेल अशी भीती वाटून लोकांनी विनवणी केली, तेव्हा तिने रुप्याचे मीठ केले, अशी आख्यायिका आहे. शाकभाज्या देणाऱ्या देवीचे ठाणे गवतही धड न उगवणाऱ्या जमिनीवर असावे, ही गंमतच. अजमेरला जाण्यापूर्वी चौहानांची राजधानी येथेच होती. गावातील देवयानी कुंडाचा संबंध ययातीच्या कथेशी जोडला जातो. जवळच्या नलियासर येथे १९३६ ते १९३८ या काळात दयाराम सहानी यांनी केलेल्या उत्खननात जुनी नाणी आणि मातीच्या मूर्ती मिळाल्या.

त्याहून जुना दस्तऐवज सरोवराच्या तळाशीच आहे. १९७० च्या दशकात गुरदीप सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभर आणि राजस्थानातीलच डिडवाना व लूणकरणसर या खाऱ्या सरोवरांतील गाळाचे थर काढून त्यांतील परागकण तपासले आणि हजारो वर्षांपूर्वी येथे आजच्यापेक्षा अधिक पाऊस पडत असल्याचे दाखवले. आजची अडचण पावसापुरती नाही. पाणलोटात जागोजाग घातलेले बंधारे पाणी वरच अडवतात आणि मिठासाठी खोदलेल्या बेकायदा विंधनविहिरी खालून ते उपसतात.

जाण्यापूर्वी एक निवड करावी लागते. पक्षी पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि पांढरे मैदान पाहायचे तर मार्चनंतर. एकाच फेरीत दोन्ही मिळतील असे मानू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस बांधावर उभे राहिले, तर पश्चिमेला उरलेले राखाडी पाणी आणि पूर्वेला तांबडे क्यार एकाच नजरेत येऊ शकतात. दुर्बीण मात्र विसरू नये. पाणी उथळ असल्याने पक्षी काठापासून फार लांब उभे असतात.