मंडळाची कमिटी बदलली? बदल अर्ज कुणी, कधी आणि कसा करायचा

सांगली-साताऱ्यात तालमी, तरुण मंडळं, वाचनालयं गावोगाव आहेत. यातल्या बऱ्याच संस्था संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेल्या असतात. नवी कमिटी निवडली जाते, सत्कार होतात आणि कागद तिथेच राहतात. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी जुनीच नावं, त्यातले काही जण तर हयातही नसतात. मग बँकेत सह्या बदलायला गेलं की काम अडतं.

1950 च्या कायद्याचं कलम 22 सांगतं, की बदल झाल्यापासून 90 दिवसांत कळवायचं. हा बदल अर्ज अनुसूची 3 च्या नमुन्यात, जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जातो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, कारण खरं लिहा.

निवडीला कोण पात्र, हे तुमच्या संस्थेची घटना, म्हणजे नोंदलेली नियमावली, ठरवते. सभासदत्वाची वर्गणी थकलेल्या माणसाला उभं राहता येतं का, मुदत किती वर्षांची, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) किती, हे सभेआधी घटनेत वाचा. अर्जावर हरकत येते ती बहुधा इथूनच.

खरा भार सचिवावर असतो. सभेची नोटीस घटनेत दिलेल्या मुदतीत सगळ्या सभासदांना पोचली, याचा पुरावा त्यानंच ठेवायचा: पोच वहीवर सही किंवा टपालाची पावती. "व्हॉट्सॲपवर टाकलं होतं" एवढ्यावर भागेल असं धरून चालू नका. प्रोसिडिंग बुकात हजर सभासदांच्या सह्या, सूचक-अनुमोदकाची नावं आणि ठरावाचे शब्द सभेतच लिहा, घरी जाऊन आठवून नको. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत पाणी घराघरांत शिरलं होतं, हे ध्यानात ठेवून या वहीची झेरॉक्स दुसऱ्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर ठेवा.

खजिनदाराकडे पावती पुस्तकं, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), बँक पासबुक आणि दरवर्षीचं ऑडिट. अध्यक्ष सभा चालवतो. पण संस्थेची जागा त्याच्या एकट्याच्या सहीनं विकता येत नाही. कमिटीनं ठराव केला तरी कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागतेच. बाकी सदस्यांनी हिशोब विचारायचा, त्यात संकोच नको.

अर्जासोबत साधारणपणे लागतं: नोटीस व पोच, ठरावाची प्रत, घटनेची प्रत, परिशिष्ट 1 चा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली संस्थेची नोंद), नव्या सदस्यांची संमतीपत्रं व ओळखपत्रं, गेलेल्यांचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि प्रतिज्ञापत्र. जुने पदाधिकारी नाराज असले तरी त्यांना विश्वासात घ्या, त्यांची ना-हरकत मिळाली तर प्रकरण लवकर मिटतं.

आदेश झाला की परिशिष्ट 1 चा ताजा उतारा घ्या, नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा आणि मगच बँकेत जा.