वैद्यकीय संशोधनातून स्टार्टअप (पुणे)

विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधनावर कंपनी उभी करून औषध, निदान-संच वा उपकरण रुग्णापर्यंत नेण्याची प्रक्रिया. पुण्यात तिचे मुख्य ठिकाण पाषाण. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आश्रयाने २००७ मध्ये तिथे व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, साधने आणि सल्ला देणारे केंद्र, सुरू झाले. मूत्रमार्गाच्या संसर्गाची चाचणी बनवणारी मॉड्यूल इनोव्हेशन्स तिथेच वाढली.

पहिला पेच पेटंटचा. शोधनिबंध आधी छापला की शोधाचे नावीन्य संपते. आधी प्रसिद्ध झालेल्या शोधाला १९७०च्या पेटंट कायद्यात मिळणारी सवलत तोकडी आहे. आपल्याकडे पीएचडी आणि बढती दोन्ही निबंधांवर ठरतात, त्यामुळे परिषदेच्या पोस्टरवर सगळे मांडून झाल्यावर पेटंटची आठवण होते. मार्गदर्शकाने हे पहिल्याच वर्षी सांगायला हवे. उपचाराच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकते, हेही तेव्हाच कळलेले बरे. पेटंट बहुधा संस्थेच्या नावे असते. कंपनीला त्याचा परवाना घ्यावा लागतो.

सर्वांत अवघड टप्पा प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामधला. वातानुकूलित खोलीत, स्वच्छ नमुन्यावर निदानपट्टी बिनचूक चालते. तीच मे महिन्यात तालुक्याच्या आरोग्य केंद्रात तापलेल्या कपाटातून निघते, नमुना गढूळ असतो आणि फिकट रेघ उमटली की नाही हे सिस्टरना मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली ठरवायचे असते. म्हणून ससूनसारख्या गर्दीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना उपकरणाचा पहिला प्रोटोटाइप (प्राथमिक प्रतिकृती) बनण्याआधीच विचारायला हवे. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीचे हाताने फिरवून चार्ज होणारे डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण) वीज नसलेल्या ठिकाणाचा विचार करूनच घडले आहे.

या काळात कंपनीकडे विक्री नसते. जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या, २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायरॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजना १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. प्रोटोटाइप बनवायला ते पुरू शकते. मोठ्या क्लिनिकल चाचण्यांना नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार जोखमीप्रमाणे उपकरणाचा वर्ग ए ते डी असा ठरतो. सर्वाधिक जोखमीच्या डी वर्गाच्या वाटेवर वर्षे जातात.

कंपनी काढणे हा एकच मार्ग नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये कोविडची अँटिबॉडी चाचणी विकसित केली आणि उत्पादनासाठी तिचे तंत्रज्ञान झायडस कॅडिलाला दिले.